घोट्यावरचं घड्याळ

"हॅलो?... कोण?... अगं ताई, तू होय! मगाशीच तर बोललो आपण... नाही नाही, बोल ना. हात जरा गुंतले होते, एवढंच."

धाकटीनं पायडलवरचे पाय उचलले आणि मशीनची खडखड थांबली. फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात होता, मांडीवर निळ्या गणवेशाची एक बाही होती. तोंडातल्या टाचण्या तिनं आधीच काढून उशीत खोचल्या होत्या, कारण ताईचा फोन म्हणजे तोंड मोकळं हवं. शाळा उघडायला आल्या की शिवणकाम करणाऱ्या बाईला मान वर करायला फुरसत नसते. पण ताईला नाही म्हणण्याचा धाकटीचा रिवाज नव्हता, लहानपणापासूनच नाही.

"कसली खडखड?... ती होय! हातगाडी गेली गं शेजारून... हो, अजून बाहेरच आहे मी. परततेय... तू? तू पोचलीस ना घरी?... पोचतेच आहेस? बरं, बरं."

हे वाक्य तिनं पंख्याखाली बसून म्हटलं.

"काय दिसत नाहीये?... माझा आकडा? कधीपासून?... परवापासून! अय्या... मला काय माहीत, माझ्या घड्याळात तर सगळं दिसतंय व्यवस्थित. तुझ्याकडे येत नाही म्हणजे... हो... हो... अगं ऐक ना, असू दे की. एखादा दिवस नाही दिसला आकडा तर काय बिघडतं?"

माहीत कसं नव्हतं? परवा सकाळीच फोनवर आलं होतं की घड्याळातली माहिती ॲपमध्ये पोचत नाहीये, आणि ते वाचून धाकटीनं सुटकेचा निःश्वास टाकला होता.

ताईच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलं होतं. रोज चालायचं, सावकाश चालायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईनं साफ सांगितलं, एकटीनं भुतासारखं मी फिरणार नाही. ती राहणार गावाच्या त्या टोकाला तळ्याजवळ, धाकटी या टोकाला बागेजवळ. तेव्हा धाकटी मोठ्या तोऱ्यात म्हणाली, तू तिकडे चाल, मी इकडे चालते, फोनवर गप्पा मारू. भाच्यानं कौतुकानं दोघींना सारखी घड्याळं आणली, फोनला जोडून दिली. कोण किती चाललं ते एकीचं दुसरीला दिसायचं. भाचा गुणी, पण इथे त्यानं मावशीचा पार घात केला.

कारण ताईच्या समजुतीनं धाकटीचं घड्याळ मनगटावर होतं. खरं तर ते घोट्यावर होतं. पाय पायडलवर चालला की घड्याळाला वाटायचं बाई चालतेय. बरं, हे चुकून झालेलं नव्हतं. घड्याळाचा पट्टा घोट्याला पुरेना, तेव्हा तिनं गणवेशाच्या चड्डीचं इलॅस्टिक दुमडून, कडा शिवून, सुबक जोड दिला होता. तो जोड शिवताना तिला आपलीच लाज वाटली होती, पण टाका मात्र एकही वाकडा गेला नाही.

"ब्लूटूथ?... आहे की चालू. निळं दिसतंय... हो, निळंच."

तिनं बोट लावून ते बंद केलं.

"ॲप बंद करून उघडू? थांब हं... उघडलं. नुसतं गोल गोल फिरतंय... वाट बघू? बघते... अजून फिरतंयच... तुला कुणी शिकवलं हे सगळं? लेकानं?... कागदावर उतरवून घेतलंस? ताई, कमाल आहे तुझी. एवढं कशाला..."

"फोन भरलाय? माझा? कशानं भरेल?... हां, ते आहे. फोटो आहेत. फ्रॉकच्या गळ्यांचे. गिऱ्हाइकं पाठवतात ना, असा गळा हवा, तसा गळा हवा... पुसू? सगळे?... बरं, जुने पुसते... हो, पुसतेय... पुसले."

एकही पुसला नाही. वेळ मारून नेण्यात धाकटी पटाईत झाली होती. तरी कानशिलं तापलीच.

"काय म्हणालीस?... आजोबा? हो, होते ना आज. बाकावर. रेडिओ लावून बसले होते... बातम्या चालल्या होत्या... सेल ना? दिले की! कधीच दिले. आता काय खणखणीत वाजतो रेडिओ. तुझा निरोप सांगितला मी... हसले. म्हणाले, तुमच्या ताईंना... आशीर्वाद सांगा म्हणाले."

हे बोलताना तिचे डोळे मशीनच्या ड्रॉवरवर गेले. तिथे रिळं, बटणं आणि खडूच्या तुकड्यांमध्ये नव्या सेलचं एक पाकीट होतं, अजून न फोडलेलं. रोज सकाळी ताई विचारायची, कुठे पोचलीस, काय दिसतंय. एक दिवस काही सुचेना म्हणून धाकटीनं बागेत एक म्हातारा बसवला. मग त्याच्या हातात रेडिओ दिला. मग तो रेडिओ खरखरतो असंही सांगून बसली. चार दिवसांनी ताईनं भाच्याच्या हाती सेल पाठवले, त्या आजोबांना दे म्हणून.

"काय करू? घड्याळ काढू?... काढून परत लावायचं?... हो, काढते ना..."

ती खाली वाकली. पोट मध्ये आलं. एका हातानं इलॅस्टिक सुटेना, तोंडातून कण्हल्यासारखा आवाज निघाला.

"नाही गं, काही नाही झालं! वाकले जरा... म्हणजे... पडलं घड्याळ. हातातून. उचलते."

आणि वाकलेलीच असताना, फोन कानाशी चेपला गेला असताना, तिला ते ऐकू आलं.

"ताई... ताई, थांब जरा. बोलू नकोस... तुला धाप लागलीय का?... मग हे काय वाजतंय? मगाचपासून वाटतंय मला. तू घरी पोचतेच आहेस ना?... खरं सांग. कुठे आहेस?... तळ्यावर? अजून?... कितवी फेरी?"

धाकटी सरळ बसली. मांडीवरची बाही खाली घसरली, ती तिनं उचलली नाही.

"तिसरी? डॉक्टरांनी एक सांगितली होती ना? एक, आणि तीही गप्पा मारत... माझ्यामुळे? माझ्यामुळे कसं काय?... हो... हो... आकडा दिसत नाही म्हणून... अंदाजानं?... म्हणजे मी थांबायची नाही, मी रोज वाढवतच नेते, म्हणून तू..."

गेले पंधरा-वीस दिवस गणवेशांचं काम उतू जात होतं. पाय रात्रंदिवस पायडलवर. घड्याळातला आकडा फुगतच चालला होता, आणि गावाच्या त्या टोकाला, छातीवर टाक्यांची खूण असलेली तिची बहीण त्या आकड्याच्या मागे धावत होती. तो दिसेनासा झाला तेव्हा तर आणखी जोरात.

"ताई, आधी बस. बाक आहे का जवळ?... कट्टा चालेल. बस... बसलीस? पाणी आहे?... घोट घोट पी. छातीत दुखत नाही ना?... नक्की?... लेकाला फोन केलास?... न्यायला आलाय? मग कुठे आहे तो?... गाडी लावतोय? त्याला सांग इकडे ये म्हणून. हात कर त्याला... दिसला? बरं झालं. नाही, तू उठू नकोस. चालायचं नाही आता एक पाऊलही... कारण सांगते. सांगते ना."

सांगते म्हणाली, आणि गळ्यातली टेप ओढून हातात घेतली. इतकी वर्षं गावातल्या निम्म्या बायकांच्या कमरांची मापं तिनं घेतली होती, कुणाचं वाढलं, कुणाचं उतरलं ते पोटात ठेवलं होतं. स्वतःच्या कमरेला मात्र तिनं टेप कधी लावली नव्हती.

"ताई, मी चालत नाही... आज नाही असं नाही गं. कधीच नाही... आकडा? तो मशीनचा आहे. शिवणाच्या मशीनचा. घड्याळ पायाला बांधते मी. घोट्याला... हो. मुद्दाम... हातगाडी नव्हती ती. मशीनच होती. रोजच... हॅलो?... आहेस ना?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पहिल्या दिवशी गेले होते. शप्पथ, गेले होते... अर्धी बाग पण नाही झाली, दम लागला. उभी राहिले. तर बाकावरची एक बाई लगबगीनं सरकली. बसा बसा म्हणाली, अशा दिवसांत जपायला हवं. आणि... आणि विचारलं, कितवा महिना... अगं मला! चाळिशी उलटलेल्या मला!... काय म्हणणार? आजूबाजूला माणसं होती. तिचा चेहरा इतका चांगला होता... मी सातवा म्हणाले."

"हसू नकोस ना... हसतेयस की रडतेयस?... मग नंतर कशी जाणार मी? ती रोज तिथेच असते. आता गेले तर बाळ कुठंय विचारेल! हिशोबानं आता रांगायला लागलं असेल ते..."

हे बोलताना धाकटीलाही हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. खाली पडलेल्या गणवेशाच्या बाहीनं पुसायला निघाली होती, आठवलं ती दुसऱ्याची आहे, मग गाऊनची बाही वापरली.

"मला वाटलं, एखादा आठवडा. आधी वजन उतरवीन, मग जाईन... हो, कळतंय गं, चालल्याशिवाय कसं उतरेल. तेव्हा नाही कळलं... तुला वाईट वाटू नये म्हणून नाही. मला लाज वाटली म्हणून. सगळं त्या लाजेपायी... तू चालत राहावीस एवढंच बघितलं मी. तू धावायला लागशील हे नाही आलं डोक्यात. तुझं काही झालं असतं तर..."

पलीकडून ताई बोलत राहिली. ताई काय बोलली ते तिचं तिला माहीत. धाकटीची बोटं मात्र टेपचं टोक गुंडाळत होती, सोडत होती. मग बोटं थांबली.

"रेडिओवाले आजोबा?"

तिनं ड्रॉवर उघडला. बंद केला.

"नाहीत गं... म्हणजे, नाहीतच. कधी नव्हते... तुझे सेल इथेच आहेत. बटणांच्या शेजारी... ताई? बोल ना काही. शिव्या दे हवं तर... अशी गप्प नको बसूस."

राग धाकटीनं झेलला असता. ताई रागावण्यात हुशारच होती. पण एका नसलेल्या म्हाताऱ्यासाठी ताई गप्प बसली, ते तिला सोसवेना. रोज सकाळी ताई त्याची चौकशी करायची. परवा म्हणाली होती, बरी झाले की तुझ्याकडे येईन, त्या आजोबांना एकदा भेटू.

"काय?... आत्ता?... आत्ता कशी जाऊ, गणवेश द्यायचेत... हो. बरं. उठते... गाऊनवरच आहे मी... शाल घेऊ? घेते. चपला घालतेय... फोन चालूच ठेवते. तू पण ठेवू नकोस हं... नाही, घड्याळ नाही घेतलं. मशीनवर ठेवलंय. राहू दे तिथंच."

जिना उतरताना तिनं कठड्याला धरलं. प्रत्येक पायरीवर चपलेचा फट्ट आवाज होत होता आणि तो पलीकडे ऐकू जातोय हे तिला ठाऊक होतं.

"उतरले... दम? लागला की. ऐकू येत नाहीये का तुला?... काय दिसतंय? काही नाही गं... खरं सांगतेय, काही नाही. एक माणूस स्कूटर पुसतोय... नाही, म्हातारा नाही. असाच आहे, टकला... फुलं नाहीत. कचऱ्याचा डबा आहे, त्याचं झाकण तुटलंय. एक मांजर आहे... रंग? मळका. आधी पांढरी असावी... वास येतोय गटाराचा... हे काय सांगायचं?... हं. बरं. सांगते."

स्कूटर पुसणाऱ्यानं गाऊनवर शाल घेतलेल्या, फोनवर मांजराचा रंग सांगणाऱ्या बाईकडे मान वळवून बघितलं. धाकटीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण ती परत फिरली नाही. दोन पावलं टाकली, आणखी दोन टाकली, मग लोखंडी दांड्याला हात टेकून उभी राहिली.

"कुठे पोचले?"

तिनं मागे वळून बघितलं. वर तिच्याच खिडकीत पंखा फिरत होता, बंद करायचा राहिला होता.

"फाटकाशी, ताई... नाही गं. बागेच्या नाही. आमच्या. घराच्या फाटकाशी."

आणि फोन बंद पडला. हॅलो, हॅलो करून झालं, पलीकडे काही नाही. लाइन गेली की ताईनंच ठेवला, हे तिला कळेना. परत लावून विचारायची हिंमत होईना.

तिनं फाटकाची कडी काढली आणि बाहेर पडली. फोन तसाच कानाशी होता. दिव्याच्या खांबापर्यंत गेली, तिथे थांबली, श्वास जमवला.

"खांबाशी पोचले, ताई," बंद फोनला तिनं हळूच सांगितलं.