उठावाची अक्षरं

दगडावर अक्षरं कोरणाऱ्याच्या दुकानात माझ्यापुढे मायलेकी होत्या. वडिलांच्या थडग्याचा दगड करून घ्यायचा होता.

“आई, ‘राजांचा राजा’ लिहू या. भारदस्त दिसेल.”

“नको. ‘विश्वासू व खरा’ लिहा, दादा.”

“अगं, लोक हसतील! बाबांनी दुसरीकडे संसार थाटला होता, हे कुणाला माहीत नाही?”

“ते बाबांचं वर्णन नाही, बाळा. शास्त्रात ते ख्रिस्ताचं नाव आहे.”

“मग बाबांच्या दगडावर कशाला?”

“हे घर सोडून गेले, तेव्हा तोच माझ्यापाशी राहिला. आणि हे परत आले, तेव्हा दार उघडायला त्यानंच मला उठवलं.”

“बाई, ते नावाच्या वर कोरू की खाली?”

“वर. आणि अक्षरं उठावाची करा, दादा, दगडातून वर आलेली. यांच्या नावावर त्याची सावली पडली पाहिजे.”