चव सांगा

शरदातल्या खाद्यजत्रेत सूपसाठी रांग लागली होती. रांगेतल्या एका निवृत्त आरेखकांच्या शेजारीच, बाकावर, एक वृद्ध जोडपं एका वाडग्यात दोन चमचे घालून बसलं होतं.

"आजारात चव माझी गेलीय, तुमची नाही. सांगा, कसं झालंय?"

"बरं आहे."

"चाळीस वर्षं माझ्या स्वयंपाकालाही हेच! आज तरी नीट सांगा हो."

"भोपळा गोड आहे. मिरी घशाशी लागते. आणि… लग्नाआधी आपण इथे आलो होतो ना? वारा सुटला होता, तू माझा कोट घातला होतास. अगदी तसंच लागतंय."

"त्या दिवशी मीठ कमी होतं."

"आजही कमीच आहे गं. आली का चव?"

"नाही हो. पण तुम्ही सांगत राहा."

रांग पुढे सरकली. आरेखकांनी मागच्या माणसाला आपल्यापुढे जाऊ दिलं.