घड्याळजीच्या बॅटऱ्या

बाबा: ते बॅटरीचं राहू दे गं. आधी सांग, राहणार किती दिवस?

लेक: आधी तुम्ही सांगा, माझ्या ड्रिल मशीनची ही बॅटरी अशी पोटुशी कशी झाली?

बाबा: थोडी फुगलीय. चालेल की!

लेक: चालणार नाही, पेटेल! ठेवा खाली. मी बाहेर फरशीवर नेऊन ठेवते. केलंत तरी काय हिचं?

बाबा: काय करणार? दर रविवारी चार्ज केली. तिन्ही केल्या. न चुकता.

आई: घड्याळजी ना तुझे बाबा! आधी भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांना चावी, मग तुझ्या बॅटऱ्या. म्हटलं, अहो, पोर दोन वर्षं फिरकली नाही, कुणासाठी हे? तर म्हणे, सुतारीणबाई अचानक दारात उभ्या राहिल्या नि मशीन फिरलंच नाही तर?

लेक: अहो बाबा, हिला घड्याळासारखी गच्च चावी द्यायची नसते. पूर्ण भरून नुसती पडून राहिली की लवकर म्हातारी होते.

बाबा: मग रिकामी ठेवायची?

लेक: तसंही नाही. पडून राहणार असेल तर अर्धी भरायची, नि थंड, कोरड्या जागी ठेवायची. तुम्ही कुठे ठेवल्या होत्या?

आई: खिडकीत, उन्हात. ओल लागू नये म्हणून. वर माझी शाल पांघरून!

लेक: धन्य आहे! आणि चार्जर? माझा तर मी नेला होता.

बाबा: हा काय. जुन्या रेडिओचा. पिन अगदी फिट्ट बसली.

लेक: बसली म्हणून लावायचा? गिऱ्हाइकाच्या घड्याळात भलतीच स्प्रिंग घातलीत कधी, मावली म्हणून?

बाबा: छे छे! काहीतरीच काय!

लेक: मग? चार्जर लिथियमच्या बॅटरीसाठीच बनवलेला हवा, नि व्होल्टही बॅटरीवर लिहिलेत तसेच. खरं तर तिच्याच कंपनीचा घ्यावा.

बाबा: म्हणजे इतकं जपून मी त्यांची वाटच लावली.

लेक: तोंड नका पाडू. माझी इतकी वाट कुणी बघितली नव्हती, बाबा. या तिन्ही जुन्या बॅटऱ्या जमा करणाऱ्या दुकानात देऊ, कचऱ्यात नाही टाकायच्या. नव्या दोन मी आणल्यात, चार्जरसकट.

आई: अहो, आता विचारा ना नीट! सकाळपासून माझ्यामागे भुणभुण लावलीत, नि तिनं बॅटरीचं काढलं तर तेच विसरलात.

बाबा: मी कुठे विसरलो? मी आपलं सहज… तू गेल्यावर या नव्या अर्ध्याच ठेवीन. म्हणून विचारतो. निघणार कधी?

लेक: दुकानाची मागची खोली रिकामी आहे?

बाबा: मोडकी घड्याळं पडलीत तेवढी. हलवू की. का गं?

लेक: (नवा चार्जर त्यांच्या हातात देत) मग दोन्ही पूर्ण भरा, बाबा. उद्यापासून रोज लागतील.