सरांच्या फोनवर रोज येणारा ईमेल

शैलाकाकू, सरांच्या घरची मंडळी, आणि बोईसर, पालघर, सफाळ्याहून आलेल्या सगळ्यांनो,

मघाशी मी दोनदा माईकपर्यंत आले आणि मागे फिरले. माफ करा. बोलताना अडखळले तर सांभाळून घ्या.

मी वैशाली. सरांच्या रक्तदात्यांच्या वेबसाइटचं काम मी त्यांच्यासोबत करत होते. जयवंत सर तारापूरच्या एका कारखान्यात मीटर, गेज दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही साइट काढली. दुर्मिळ रक्तगटाची माणसं नाव नोंदवणार. दवाखान्यातून मागणी आली की त्या गटाच्या सगळ्यांना आपोआप ईमेल जाणार. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

देवजीभाऊ मागे बसलेत. त्यांना विचारूनच मी हे सांगतेय. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांची बायको संगीता डोंगराकडच्या पाड्यातली. बाळंतपणानंतर रक्त थांबेना. गट ओ निगेटिव्ह. मागणी साइटवर आली, आणि साइटनं दाखवलं, सगळ्यांना पाठवलं. आम्ही निर्धास्त. सर मला म्हणाले सुद्धा, आता कोणीतरी पोहोचेलच.

कोणीही पोहोचलं नाही. दुपारी संगीता गेली.

त्या गटाचा एक माणूस बेटेगावात राहतो. दवाखान्यापासून दहा मिनिटं. तो त्या वेळी घरात बसून होता. ईमेल त्याच्या फोनमध्ये होता, पण नको असलेल्या जाहिराती जिथे जाऊन पडतात त्या स्पॅमच्या कप्प्यात. त्याला तो दिसला अठरा दिवसांनी.

देवजीभाऊ सरांच्या दारात आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चिठ्ठी गेली म्हनता ना साहेब, मंग पोचली का नाय?"

याचं उत्तर शोधायला सरांनी पुढचे कित्येक महिने घातले. मला रोज फोन यायचा. वैशाली, आपण ज्या सर्व्हरवर आहोत ना, त्याच्यावरच दुसरं कोणी लॉटरीचे ईमेल पाठवतंय. एका चाळीत चोर राहतो, म्हणून पोलीस सगळ्या चाळीवर संशय घेतायत. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. वैशाली, समोरचा, म्हणजे दात्याचा ईमेल घेणारा सर्व्हर कधीकधी म्हणतो, आत्ता नको, थोड्या वेळानं या. आपला प्रोग्रॅम परत जातच नाही. तिसऱ्या दिवशी, एका दात्याच्या पत्त्यात एक अक्षर चुकलंय. आणि एक दिवस अगदी हळू आवाजात म्हणाले, समोरचा सर्व्हर "घेतलं" असं सांगतो गं. "वाचलं" असं नाही सांगत. घेऊन तो त्याचं काय करतो, ते आपल्याला कोणीच सांगत नाही.

मग आम्ही सगळं नव्यानं लिहिलं. सर्व्हर वेगळा घेतला. नकार आला तर थांबून पुन्हा पाठवायचं. प्रत्येक ईमेलमध्ये "पोहोचलं" असं बटण. ते दाबलं नाही, तर थोड्या वेळानं दुसरा ईमेल. त्याचा मजकूर सरांनी सांगितला आणि मी टाइप केला. "मी जयवंत. तुमचं उत्तर अजून आलं नाही. तुम्ही आहात ना?" तरीही उत्तर नाही आलं, तर सर स्वतः फोन करायचे. आणि फोन लागला नाही, तर देवजीभाऊ मोटारसायकल काढून त्या दात्याच्या दारात जायचे. हो, देवजीभाऊ. त्यांनी आपणहून मागून घेतलेलं काम होतं ते.

सोमवारी सकाळी दाढी करता करता सर कोसळले. दुपारी स्मशानात आपण बरेचजण होतो. अग्नी दिला, आणि तेवढ्यात तीन-चार दात्यांचे फोन एकदम वाजले. बाळारामकाका, बोटवाले, माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी फोन पाहिला आणि तो माझ्यापुढे धरला. "मी जयवंत. तुमचं उत्तर अजून आलं नाही. तुम्ही आहात ना?"

काका म्हणाले, "पोरी, ह्ये कोनी धाडलं? सर तर हितं हाय."

ती ओळ माझ्या हातची. ती का आली हे मला कळत होतं. तरी समोर चिता आणि फोनवर ते वाक्य, मी ते दोनदा वाचलं. मग मी साइट उघडली. मागणी खरी होती. अपघातातली एक मुलगी होती, तासाभरापासून उत्तराची वाट पाहत. आपण सगळे सरांपाशी होतो, फोन कोणीच पाहिला नव्हता. काका नदीवर डोकं बुडवून तसेच दवाखान्यात गेले. मुलगी वाचली. परवा घरी गेली.

पण मला बोलायचंय ते यापुढचं.

गुरुवारी काकूंनी मला बोलावून घेतलं. सरांचा फोन देवघराशेजारी ठेवला होता. काकू म्हणाल्या, "वैशाली, रोज सकाळी आठ वाजता हा वाजतो. कोणी संगीता आहे. तिला रक्त हवंय म्हणे, तातडीनं. आणि तासाभरानं हे स्वतःच विचारतात, तुम्ही आहात ना. मी काय सांगू यांना?"

मी तो ईमेल पाहिला. तारीख आजची. संगीता, बाळंतीण, ओ निगेटिव्ह, तातडीने. दवाखान्याचं नाव तेच. काकूंना म्हटलं, बघून सांगते.

घरी येऊन मी प्रोग्रॅम तपासला. सरांनी संगीताची मागणी कधी बंदच केली नव्हती. रोज सकाळी साइट ती एकट्या सरांना पाठवायची. आली, की वाट मोकळी आहे. नाही आली, की कुठंतरी अडलंय, शोधा. इतकी वर्षं ते रोज सकाळी तिचं नाव वाचायचे, बटण दाबायचे, आणि मग चहा घ्यायचे. मला कधी सांगितलं नाही. काकूंनाही नाही.

काल मी पाड्यावर गेले. देवजीभाऊंना सगळं सांगितलं आणि विचारलं, बंद करू का? ते म्हणाले, "नको. इतके दिस तिचं नाव कोन तरी घेत व्हता. मला ठावंच नव्हतं. ऱ्हाऊ दे."

आज सकाळी आठ वाजता काकूंनी ते बटण दाबलं. उद्याही त्याच दाबणार आहेत.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. सरांसाठी, आणि संगीतासाठी. एक विनंती आहे. अशा वेळी फोन बंद करायला सांगतात. तुम्ही करू नका. मध्येच कोणाचा वाजला, तर बाहेर जाऊन बघा. इथे कोणालाही वाईट वाटणार नाही.

उठूया.