ढिगाऱ्यावरचं गवत

रावपुऱ्यातल्या दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या बाईंसमोर त्यांच्या भाच्याने नकाशा उघडला.

“आत्या, तू पाटबंधारे खात्यात होतीस. खाणीखालचा हा गाळ अडवायचा तलाव पुरेल ना?”

“दाढ दुखतेय रे, डोकं नाही. दाखव. गाळ किती धरलास?”

“थोडाच. दहा वर्षं उपसायला नको. खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर दाट गवत आहे, स्वतः बघून आलो.”

“कधी गेला होतास?”

“नवरात्राच्या आधी.”

“आणि वैशाखात तिथे काय असतं?”

“गावच्या बकऱ्या.”

“मग गवत उरतं?”

“नाही.”

“म्हणजे पावसाळा उघड्या मातीवर सुरू होणार. पाणी जास्त धावेल, माती घेऊन येईल. तुझा तलाव दोन वर्षांत भरेल. खाली काय आहे?”

“ओढा. काठावर गावाची विहीर.”

“गढूळ पाणी तिथेच जाणार.”

“पण उद्या तलावाचं खोदकाम सुरू होतंय. आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटलीय, आत्या.”

“थोपटू दे. तो बघ फोन, टेबलावर.”

“आत्ता?”

“माझा नंबर यायच्या आत.”

“...हॅलो, सर? रमाकांत बोलुं छुं. काले खोदकाम ना करता. ना सर, बीजा कोईनी नहीं. भूल मारी छे.” उद्याचं खोदकाम थांबवा, चूक दुसऱ्या कुणाची नाही, माझीच, असं तो साहेबांना त्यांच्या गुजरातीत सांगत होता.