नामंजूर, आणि आत काहीतरी

(बहिणीचं स्वयंपाकघर. धाकटा भाऊ ओट्याजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलाय. ती नुकतीच वृद्धाश्रमातून आलीये. पर्स अजून खांद्यालाच.)

ताई : ...तिथल्या मावशी शपथेवर सांगतात, बाब्या. आम्ही दर वेळी कारण लिहून पाठवायचो म्हणे. आज ताप आहे, आज डॉक्टर येणार आहेत, दुपारनंतर या. मग माझ्या फोनवर नुसतं ‘नामंजूर’ का यायचं? भेटीची परवानगी मागायचं ते ॲप तूच लिहिलंयस ना?

बाब्या : थांब, तेच शोधतोय.

ताई : शोध. चहा टाकणार नाहीये मी, आधीच सांगते.

बाब्या : हे बघ. भेटीच्या विनंतीला उत्तरं दोनच, मंजूर किंवा नामंजूर. याला आम्ही एनम म्हणतो. प्रत्येक उत्तर म्हणजे झाकणाचा डबा समज. ‘मंजूर’मध्ये भेटीची वेळ असते, ‘नामंजूर’मध्ये कारण.

ताई : म्हणजे कारण यायचं.

बाब्या : दर वेळी.

ताई : मग?

बाब्या : डबा उघडताना आतल्या वस्तूला नाव द्यावं लागतं, तरच ती स्क्रीनवर दाखवता येते. नाव द्यायचं नसेल तर तिथे एक रेघ टाकायची. रेघ म्हणजे, आत काहीतरी आहे, पण मला नको.

ताई : तू रेघ टाकलीस.

बाब्या : स्क्रीनवर कारणाला जागाच ठेवली नव्हती गं. म्हटलं, नंतर बघू. आणि रेघ टाकली की कोड तपासणारा कम्पायलरही गप्प बसतो. त्याने कटकट केली असती तर आठवण तरी राहिली असती.

ताई : यंत्रावर ढकलू नकोस. तू स्वतः वापरायचास ना हे?

बाब्या : मी मेट्रनबाईंना फोन करून जायचो.

ताई : वा. स्वतः रांधलेलं स्वतः चाखलंसुद्धा नाही.

(बाब्या ती रेघेची ओळ उघडतो.)

ताई : आईला तिथे ठेवून निघाले तेव्हा म्हणाली होती, पुन्हा तोंड दाखवू नकोस. त्यामुळे ‘नामंजूर’ वाचलं की तिचाच आवाज ऐकू यायचा. तुला विचारलं, तर तू काय म्हणालास?

बाब्या : रागावली असेल, थोडे दिवस जाऊ दे.

ताई : दिले जाऊ.

बाब्या : ताई, तू एक फोन...

ताई : करायला हवा होता. कळतंय मला. पण रुसलेल्या माणसाला तेवढा एक शब्द पुरतो रे.

बाब्या : रेघ काढली बघ. आता कारण दिसेल.

ताई : कोणाला?

बाब्या : बाकीच्यांना.

ताई : बरं केलंस.

बाब्या : उद्या येऊ तुझ्याबरोबर?

ताई : ये. तुला ती अजून ओळखते. आज मी न विचारताच गेले, तर बिचारीने उठून मला खुर्ची दिली. म्हणाली, बसा ना. तुमचं कोण असतं इथे?