प्लेटवालं की गिअरवालं

(गॅरेजमागचं मोकळं पटांगण. आठच्या आकड्यात हळू फिरणाऱ्या गाडीत पुढे चालवणारी बायको आणि शेजारी नवरा, मागे तिचा गॅरेजवाला मामा आणि त्याच्या शेजारी बेबी सीटमध्ये झोपलेली दहा महिन्यांची ठकू.)

बायको: ...आणि आता उजवीकडे. मामा, आठ नीट येतोय ना?

मामा: येतोय की. फक्त त्याचं पोट जरा मोठं काढ. फार उपाशी आठ काढतेस तू.

नवरा: हळू बोला ना दोघं. मुश्किलीने झोपलीये.

मामा: जावईबापू, मघाशी मी ग्राइंडर चालवत होतो तेव्हाही ही झोपली होती.

नवरा: ती झोपली नव्हती मामा, ती हबकली होती.

बायको: आता डावीकडे! आई गं, मला गरगरायला लागलंय आणि कसली मजा येतेय!

नवरा: मला नुसतं गरगरायला लागलंय. पण एक कबूल करतो हां. आवाज नाही अजिबात. मागच्या दोन चाकांना ताकद वाटून द्यायला गिअरवालं डिफरन्शियल म्हणजे लोणी, म्हटलं नव्हतं मी? तीन आठवडे डोळे फोडून वाचत बसलो त्याचं चीज झालं.

मामा: हं.

बायको: हं.

नवरा: हे दोन ‘हं’ कसले?

बायको: कौतुकाचे. तू कौतुकाला सरावलेला नाहीस.

नवरा: थांब. हे काय वाजलं?

बायको: कुठे काय?

नवरा: कट्ट झालं. मागून.

मामा: दगड असेल एखादा.

नवरा: हे बघा, परत. कट्ट, कट्ट. मामा, दर वळणाला तोच दगड येतो का हो?

मामा: पटांगणात दगड पुष्कळ आहेत आपल्या.

नवरा: मी दातांचा डॉक्टर आहे. कशावर काय घासतंय ते मला डोळे मिटून कळतं. मला एक सांगा, आपण हे आठ घालतोय कशासाठी?

मामा: कशासाठी म्हणजे? नव्या प्लेटा एकमेकींवर नीट बसायला नकोत? तेल त्यांच्यात मुरायला...

बायको: मामा!

मामा: अगं, निघून गेलं तोंडातून.

नवरा: प्लेटा.

बायको: हे बघ, मी काय म्हणते...

नवरा: गिअरवाल्यात प्लेटा नसतात. त्याला आठही लागत नाहीत आणि नऊही लागत नाहीत. बसवलं की सरळ घरी जायचं. वाचलंय मी! तुम्ही दोघांनी मिळून मला गंडवलंत!

बायको: हळू. मुश्किलीने झोपलीये.

मामा: गंडवलं कुठे? तुमचा फोन आला, मामा, शांत असेल ते बसवा. मग हिचा आला, मामा, प्लेटवालंच. दोन्ही खोकी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी. आता मला सांगा, हिला मी लहानपणी खांद्यावर बसवून गाड्या दाखवल्यात. तुम्हाला बसवलंय का कधी खांद्यावर?

नवरा: बसवलं असतंत तर माझं ऐकलं असतंत?

मामा: विचार केला असता. पण माझी कंबर गेली असती.

बायको: हसवू नका रे, आठ मोडतोय माझा!

नवरा: हसतेस काय? ह्याच गाडीने मी रोज दवाखान्यात जातो. ह्याच गाडीत दुपारी ठकूला फिरवतो, कारण कार्टी गाडीशिवाय डोळा मिटत नाही. आणि तू तिच्या बुडाखाली जातं लावून ठेवलंस!

बायको: आणि ह्याच गाडीने मला रविवारी रेसच्या ट्रॅकवर जायचंय. शेवटच्या त्या आवळलेल्या वळणावर माझं मागचं आतलं चाक उचललं जातं. तुला माहितीये. तूच फोटो काढलायस.

नवरा: फोटो सुरेख आलाय.

बायको: चाक हवेत आणि इंजिनाची सगळी ताकद त्याच हवेतल्या चाकाला. ते वेड्यासारखं गरागरा फिरतं, जमिनीवरचं ढिम्म बसून राहतं आणि मी वळणातून रांगत बाहेर पडते. मामा, सांग ना ह्याला, तुझं गिअरवालं तिथे काय दिवे लावेल?

मामा: माझं कशाला, ह्यांचं गिअरवालं. तसं गुणी आहे हो ते. दोन्ही चाकं टेकलेली असतील तोवर उत्तम, रस्त्यावर तर चालल्याचं कळणारसुद्धा नाही. पण एक चाक सुटलं की हात वर करणार. प्लेटवालं तसं नाही. ते दोन्ही चाकांना घट्ट धरून ठेवतं, एक हवेत गेलं तरी. आता एवढं धरून ठेवायचं म्हणजे हळू वळताना कुरकुर करणारच. आणि तेल वरचेवर बदलावं लागेल, ते आहे.

नवरा: कुरकुर मला घरातही मिळते.

बायको: काय म्हणालास?

नवरा: डावीकडे वळ म्हणालो.

मामा: जावईबापू, हिचा आठ बघा आता. भरलाय की नाही?

नवरा: मामा, विषय बदलू नका. आणि तू पण ऐक. खरं सांगू? आवाजाचं जाऊ दे.

बायको: मग?

नवरा: मला भीती वाटते.

बायको: कसली?

नवरा: पूर्वी तू ट्रॅकवर जायचीस, मी फोटो काढायचो, दोघं हसत घरी यायचो. आता मी कठड्याशी हिला कडेवर घेऊन उभा राहणार. तू वळणाआड गेलीस की परत दिसेपर्यंत मी काय करायचं? हिला काय सांगायचं?

बायको: ...मला पण भीती वाटते.

नवरा: तुला?

बायको: माझी वेगळी आहे. दहा महिने मी सगळं हळू करतेय. हळू चालवते, हळू बोलते, दार हळू लावते. परवा मी हळू शिंकले. शिंक हळू येत नाही, माहितीये? कानात गेली! मला वाटतं मी आता अशीच राहणार. मला एकदा त्या वळणातून पूर्वीसारखं, पूर्वीपेक्षा भारी, बाहेर पडून बघायचंय. आणि चाक सुटलंच, तर गाडी धरून ठेवणारं काहीतरी मागे असू दे ना. तुझ्यासाठीसुद्धा.

नवरा: मामा, तुम्ही का गप्प?

मामा: मी काही ऐकत नाहीये. मी ठकूची लाळ पुसतोय.

नवरा: ठीक आहे. पैज लावू. ठरलेले सगळे आठ होईपर्यंत ठकू रडली नाही, तर प्लेटवालं राहील आणि रविवारी मी तोंडातून ब्र काढणार नाही. रडली तर हे उतरवायचं आणि गिअरवालं बसवायचं. आजच्या आज.

मामा: आजच्या आज? अहो, सकाळी तर चढवलंय! ठकू, झोप गं माझे आई, तुझ्या मामाआजोबाची कंबर तुझ्या हातात आहे.

बायको: मंजूर. पण उरलेले आठ तू घालायचे.

नवरा: मी कशाला?

बायको: ज्याची पैज त्याने घाम गाळावा. चल, उतर, बदल जागा. इंजिन चालू राहू दे.

मामा: पटकन हां, पटकन! चुळबुळ करतेय ती. थांबलेलं आवडत नाही बाईसाहेबांना.

नवरा: बसलो, बसलो. निघालो.

मामा: हं, कट्ट झालं. झोपली परत. शहाणी पोर!

बायको: थोडा अजून पाय दे. तू गाडी चालवतोयस, दाढ काढत नाहीयेस.

नवरा: देतोय... अरे! अरेच्चा! ही मागून ढकलतेय!

बायको: ढकलतेय ना?

नवरा: दोन्ही चाकांनी ढकलतेय! एकदम! परत वळतो हां. आई शप्पथ! ही अशी का वागतेय? ही आधी अशी नव्हती!

बायको: अजून एक! उजवीकडे!

नवरा: हूऽऽऽ!

मामा: जावईबापू, लेकरू! लेकरू झोपलंय!

नवरा: सॉरी, सॉरी. हूऽ. हळू हूऽ.

बायको: बघितलंस? मी म्हणत होते ना!

नवरा: मला कुणी सांगितलं का नाही हे? तीन आठवडे वाचलं, एकाही माणसाने असं लिहिलं नव्हतं!

मामा: आता एकच आठ राहिला. सावकाश संपवा.

नवरा: थांबा, थांबा. जरा थांबवतो. पटांगण फिरतंय माझ्याभोवती. दोन श्वास घेऊ दे, मग पुढचं.

बायको: अरे, थांबू नकोस! अर्धा आठ राहिलाय!

नवरा: एकच मिनिट गं...

ठकू: ऍंऽऽऽ! ऍंऽऽऽ!

मामा: घ्या. झालं कल्याण.

बायको: रडली.

मामा: ह्याला रडणं म्हणतात का? गाडी थांबली म्हणून ओरडली ती! कट्टकट्ट चालू होतं तोवर शांत होती. हे धरायचं नाही.

बायको: नाही मामा. आठ पुरा व्हायच्या आत रडली. ठरलं ते ठरलं. उतरव हे, गिअरवालं लाव.

मामा: अगं, पण...

बायको: मी नाही रडत, डोळ्यात धूळ गेलीये. घे गाडी आत, मी हिला उचलते.

नवरा: कुणी उतरू नका. पट्टे लावा.

बायको: अरे, चाललास कुठे? ती रडतेय ना!

नवरा: कोण?

बायको: ठकू! तुला ऐकू येत नाही?

नवरा: नाही बाई. केवढा आवाज करते ही गाडी.